मुहूर्त आणि मॅच

ज्या सिनेमाची नायिका खेळाडू असते, त्या सिनेमात कुणाचं ना कुणाचं लग्न निघतंच. हा नियम मी स्वतः काढलेला आहे आणि मला त्याचा थोडा अभिमानही आहे. 'दंगल' घ्या. गीता-बबिता वडिलांचा डोळा चुकवून एका लग्नात नाचायला जातात आणि ऐन गाण्यात वडील हजर. 'चक दे इंडिया' घ्या. गोलकीपर विद्याला सासरचं बोलावणं, आणि आपल्या कोल्हापूरच्या सागरिका घाटगेनं केलेल्या प्रीतीपुढे तर क्रिकेट खेळणारा होणारा नवराच उभा. कुस्ती असो नाही तर हॉकी, पोरीनं मैदानावर पाय ठेवला की कुठेतरी सनई वाजायला लागते.

या सगळ्या सिनेमांची थोरली बहीण म्हणजे गुरिंदर चढ्ढाचा 2002 सालचा 'बेंड इट लाइक बेकहम'. आपल्याकडे तो हिंदीत 'फुटबॉल शूटबॉल हाय रब्बा' अशा भांगडाछाप नावानं आला होता. लंडनच्या हाउन्स्लो भागातलं एक शीख घर. धाकटी लेक जसमिंदर बागेत पोरांबरोबर फुटबॉल खेळते आणि मनातलं सगळं भिंतीवरच्या बेकहमच्या फोटोला सांगते. आईचं म्हणणं एवढंच की पोरीला अख्खा पंजाबी स्वयंपाक यायला हवा. बाप म्हणजे अनुपम खेर. हा गृहस्थ तरुणपणी नैरोबीत चांगली गोलंदाजी करायचा, पण इंग्लंडात आल्यावर पगडी बघून क्लबवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं. आपल्याला लागलं ते पोरीला लागू नये, म्हणून तो पोरीला अडवतो. म्हणजे अडवणाराही बिचारा मायेनंच अडवतो. आणि मग व्हायचं तेच होतं. थोरल्या बहिणीचं लग्न आणि फुटबॉलची फायनल एकाच दिवशी येतात.

मी मोबाइलवर हा सिनेमा लावला तेव्हा मावशी शेजारी तूर निवडत बसली होती. मी तिला माहिती पुरवली की उत्तर कोरियाच्या सरकारी टीव्हीनं 2010 च्या नाताळात हा सिनेमा, कात्री लावून का होईना, पण दाखवला होता. पाश्चात्त्य सिनेमा तिथल्या टीव्हीवर लागण्याची ती पहिलीच वेळ. ज्या सरकारला जगातल्या बहुतेक गोष्टी खुपतात, त्यालाही हा सिनेमा चालला. मावशीनं सूप खाली ठेवलं, चष्मा वर केला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "बहिणीचं लगन हाय अन् हे पोट्टी हाफपँटवर कुठी चालली?"

तिच्या बोलण्यात दम होता. हाफपँट सोडून द्या, पण लग्नाच्या दिवशी धाकटी करवली गायब, हे कुठल्या घराला चालेल? सिनेमा बघताना मला सारखं वाटत होतं की ह्यात खलनायक म्हणावा असा माणूसच नाही. आई बरोबर, बाप बरोबर, कोच बरोबर, पोरगी तर बरोबरच. खलनायक आहे ती तारीख. लग्न आदल्या रविवारी असतं, तर सिनेमा अर्धा तास आधी संपला असता आणि सगळे जेवून घरी गेले असते.

आमचा संग्रामपूर तालुका म्हणजे बुलढाणा जिल्ह्याचं वरचं टोक. पाठीशी सातपुडा, त्यात अंबाबरवाचं अभयारण्य, आणि पायाशी पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. हाउन्स्लोचं इथं काही नाही. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला कुठल्याही गल्लीत उभे राहा, तो सिनेमा वऱ्हाडीत चालू असतो.

"कुठी चालली वं?"

"खो-खोले."

"अन् सैपाक?"

"आल्यावर करतो ना, माय."

"कवा येशीन?"

आमच्याकडे पोरीसुद्धा 'करतो', 'जातो' असंच म्हणतात, तेव्हा बाहेरच्यानं गोंधळू नये. लक्ष द्यायचं ते आईच्या प्रश्नांकडे. 'जाऊ नको' असं ती म्हणालेली नाही. कुठे, मग स्वयंपाक, मग कधी. तिन्ही प्रश्न वेळापत्रकाचे आहेत. घरातल्या दिवसात खो-खो नेमका कुठे बसवायचा, हे त्या माउलीला कळत नाही, एवढीच अडचण. कारण दिवस आधीच भरलेला असतो.

तो किती भरलेला असतो हे बघायचं तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं 'कालनिर्णय' बघावं. जयंत साळगावकरांनी 1973 मध्ये ते सुरू केलं आणि मराठी घराचं सरकार भिंतीवर टांगलं. आमच्याकडे त्याच्या एकेका चौकोनात काय काय नांदत असतं! एकादशी, प्रदोष, दुधाचा रतीब बंद असल्याची फुली, सिलिंडर लावल्याची खूण, बचत गटाचा हप्ता, गाय भरवल्याची तारीख, आणि ठळक अक्षरांत कुणाच्या तरी पोराचं लग्न. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर एका चौकोनात तीन-तीन लग्नं कोंबलेली असतात. त्या गर्दीत 'खो-खो, जिल्हास्तर' असं लिहिलेलं मी फार वर्षं पाहिलं नव्हतं.

जे पंचांगात आहे ते घराला चालतं, असा आमच्याकडचा सरळ हिशेब आहे. नाही तर भुलाबाई कशी चालली असती? भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी संध्याकाळच्या घरोघरी हिंडतात, टाळ्या वाजवून गाणी म्हणतात, डबा हलवून आत कसला खाऊ आहे ते ओळखायला लावतात, रात्री अंधार पडल्यावर हसत-खिदळत परततात. त्या महिन्यात कुणी 'कवा येशीन?' विचारत नाही. फुगडीचंही तसंच. गौरीपुढे बायका अशा गरागरा फिरतात की एखाद्या कबड्डीपटूला भोवळ यावी, आणि तेही पोटात पुरणपोळी असताना. म्हणजे पोरींनी पळावं, घाम गाळावा, दम लागेपर्यंत खेळावं, याला घराची ना कधीच नव्हती. फक्त त्या खेळात कुणी गुण मोजत नसे, पंच शिट्टी वाजवत नसे, आणि पुढच्या फेरीसाठी एस.टी.त बसून बुलढाण्याला किंवा अमरावतीला जावं लागत नसे.

आता शाळेच्या स्पर्धांचं बघा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा त्या चढत जातात. पावसाळा सरता सरता त्यांची धामधूम सुरू होते आणि तेवढ्यात इकडे कापूस फुटायला लागतो. सीतादहीची पूजा होते, वेचणी सुरू होते, घरातला प्रत्येक हात रानात हवा असतो. लग्नाची तारीख सहा महिने आधी निघते, पत्रिका छापते, मंडपवाल्याला आणि आचाऱ्याला विसार जातो. मॅचची तारीख मात्र शाळेच्या ग्रुपवर आदल्या रात्री येऊन पडते: 'उद्या सकाळी सहाला स्टँडवर जमणे.' लग्न हलत नाही, मॅच हलत नाही, कापूस तर मुळीच थांबत नाही. मग हलायचं कुणी? पोरीनं.

शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. तिथली अक्षय्य तृतीयेची घटमांडणी सगळ्या विदर्भाला ठाऊक. शेतात घट मांडून भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं धान्य किती हललं यावरून पाऊस, पीकपाणी आणि पार देशाच्या तिजोरीपर्यंतचं भाकीत सांगतात. खो-खोच्या जिल्हास्तरीय तारखा सांगणारा एक दाणाही तिथे ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. आयांवर फार उपकार होतील.

तर अशा भरलेल्या घरातून पोरी वाट कशी काढतात? मला त्या सिनेमातला शेवटचा प्रसंग आठवतो. बापच तिला लग्नातून फायनलला धाडतो. शेवटी फ्री किक मिळते, समोर विरुद्ध संघाच्या खेळाडूंची भिंत, आणि बघता बघता त्या भिंतीत तिला आई, बहीण आणि साऱ्या काकू-मावश्या दिसायला लागतात, लग्नाच्या जरीच्या कपड्यांत, खांद्याला खांदा लावून. ती चेंडू त्यांच्यावर आदळत नाही. त्यांच्या बाजूनं वळवून जाळ्यात घालते. मावश्या जागच्या जागी, गोल झालेला. आमच्या पोरींनी हा सिनेमा पाहिलेला नसला, तरी ही किक त्यांना पाठ आहे.

त्या किकचं आमच्याकडचं नाव आहे पोलीस भरती. पहाटे पाचला वरवट बकालकडच्या किंवा सोनाळ्याकडच्या रस्त्यानं ट्रॅकपँट घातलेल्या पोरी पळताना दिसतात. पूर्वी ह्याच पळण्यावर अख्ख्या गावानं चर्चा केली असती. आता कुणी विचारलं, तर चौकात बसलेला आजा परस्पर उत्तर देतो, "भरतीची तयारी करून राह्यली." विषय संपला. महिलांना 800 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक, असे मिळून 50 गुण मैदानाचे. सरकारी नोकरीत बायांना 30 टक्के जागा, खेळाडूंना 5 टक्के. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात ते वेगळेच. हे आकडे गावातल्या ज्या माणसाला स्वतःचं वय नीट सांगता येत नाही, त्यालाही पाठ असतात. पोरगी हौसेनं पळते म्हटलं की कपाळाला आठी पडते, नोकरीसाठी पळते म्हटलं की तोच बाप मोबाइलवर वेळ लावून रस्त्याच्या कडेला उभा राहतो. महिना-दोन महिन्यांत त्याला स्टॉपवॉचची अशी चटक लागते की भरती कधीची आहे, हेही तो विचारायचा विसरतो. पोरगी काल तीन सेकंद लवकर आली होती आणि आज का नाही, एवढंच त्याच्या डोक्यात.

खो-खोतून नोकरी लागते, हे आता उदाहरणानिशी सांगता येतं. धाराशिवची सारिका काळे भारताची कर्णधार झाली, 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढे ती क्रीडा अधिकारी झाली. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला. नेपाळला 78-40 असं हरवणाऱ्या त्या संघाची कर्णधार होती पुण्याची प्रियांका इंगळे. आमच्या गल्लीतल्या त्या 'खो-खोले' जाणाऱ्या पोरीनं हा आकडा स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचला. आईनं भाकर उलटवता उलटवता विचारलं, "मंग नोकरी लागली का सगळ्याइले?" विश्वचषकाला ह्याहून मोठी मान्यता वऱ्हाडात नाही.

पण माझ्या नियमाची खरी परीक्षा झाली ती 2 नोव्हेंबर 2025 ला. रविवार. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आणि 'कालनिर्णय'चा चौकोन काय म्हणतो? वारकऱ्यांची कार्तिकी एकादशी, आणि तुळशीची लग्नंही त्याच दिवसापासून. घ्या! फायनल आणि लग्न एकाच दिवशी. सिनेमात कुणी असं लिहिलं असतं, तर आपण म्हटलं असतं की फारच योगायोग जुळवला.

त्यातून तिकडे पावसानं सामना दोन तास लांबवला आणि खेळ सुरू झाला थेट संध्याकाळी पाचला. म्हणजे गोरज मुहूर्त बरोबर आपल्या फलंदाजीत आला. अंगणात तुळशीवृंदावनाला गेरू लावलेला, उसाचा मांडव, बोरं, आवळे, चिंचा, कृष्णाची मूर्ती पाटावर. आणि घरात सांगलीची स्मृती मानधना नि शफाली वर्मा यांची जोडी जमलेली. मंगलाष्टकं म्हणायला काका उभे राहिले. एरवी ते प्रत्येक कडव्याला आलाप घेतात. त्या दिवशी त्यांनी असा काही वेग धरला की 'सावधान' कधी आलं ते नवरीला, म्हणजे तुळशीलाही, कळलं नसेल. अंतरपाट धरणारी दोघं पोरं खिडकीतून टीव्ही बघत होती, त्यामुळे अंतरपाट एका बाजूनं खाली येत होता. अक्षता पडल्या आणि वऱ्हाड फराळाची ताटलीसुद्धा न घेता आत पळालं.

त्या रात्री कुणाला काही सोडावं लागलं नाही. आपण 298 केल्या. मावशीनं तिच्या एकादशीचा साबुदाणा खात शफालीच्या 87 धावा पाहिल्या. दीप्ती शर्मानं अर्धशतकानंतर पाच बळी घेतले तेव्हा मावशी म्हणाली, "हे पोट्टी घरकामातबी अशीच असन." कौतुकाची तिची तीच मोजपट्टी. मध्यरात्रीच्या सुमाराला हरमनप्रीतनं शेवटचा झेल घेतला, आपण 52 धावांनी जिंकलो, आणि गल्लीत तुळशीच्या लग्नासाठी आणलेले फटाके उडाले. ते लग्नाचे की विश्वचषकाचे, हे शेजाऱ्यांनी आपापल्या सोयीनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या खो-खोवाल्या पोरीच्या घरी गेलो, तर 'कालनिर्णय'वर पुढच्या आठवड्यातल्या एका चौकोनात, सिलिंडर आणि बचत गट यांच्या मधोमध, आईच्या वेड्यावाकड्या अक्षरात 'खोखो' लिहिलेलं होतं. जागा कमी होती म्हणून मधली रेघ गाळलेली, पण तारीख पक्की. माझ्या मते विश्वचषकाचा सगळ्यात लांब पोचलेला षटकार तो.

मात्र पोरींनी फार हुरळून जाऊ नये. मावश्या भिंतीतून बाहेर पडल्या आहेत हे खरं, पण त्या घरी गेलेल्या नाहीत, निवड समितीत बसल्या आहेत. परवा आमच्या शाळेच्या मैदानावर खो-खोचा सराव चालला होता. भाजी घेऊन येता येता मावशी कडेला थांबली, पिशवी खाली ठेवली आणि पाठलाग करणाऱ्या पोरीला सगळ्यांसमोर ओरडून म्हणाली, "अवं, खो देतांना एवढा येळ काऊन लावतं? तिकडं तुहा सैपाक जळून राह्यला का?"