राजधान्या मोजणारे काका

युरोपच्या बसमध्ये काका पुष्कळ असतात, पण राजधान्या मोजणारे काका एकच. दोन असते तर बस पॅरिसच्या पुढे सरकलीच नसती. हे डोंबिवलीचे नाहीतर कोथरूडचे, बँकेतून निवृत्त. गळ्यात पासपोर्टची पिशवी, खिशात डायरी. टूरचे पैसे भागिले राजधान्या, हा हिशेब त्यांनी घरीच मांडून ठेवलेला असतो.

म्हणूनच ॲमस्टरडॅमला घोळ होतो. राजधानी हीच, पण सरकार आणि संसद हेगला, असं टूर मॅनेजर बोलून जातो.

"मग हिला अर्धी धरायची का?" काका पेन काढतात.

लिश्टनस्टाइनचं वाडुझ मात्र त्यांचं लाडकं. जेमतेम सहा हजार वस्ती. आपल्याकडे एवढ्या गावात एसटी थांबली तरी नशीब. बाकीची मंडळी डोंगरावरच्या राजवाड्याचे फोटो काढत असताना काका डायरीत पूर्ण आकडा वाढवतात. स्वित्झर्लंडमध्ये बस ल्युसर्नला जाते आणि बर्न राहतं, तेव्हा काका दोन तास कोणाशी बोलत नाहीत. अखेर कोणीतरी सांगतं की कायद्याने स्वित्झर्लंडला राजधानीच नाही, बर्न हे नुसतं 'संघीय शहर' आहे. "म्हणजे आपलं काही बुडालं नाही," म्हणत काका चिवड्याचा डबा उघडतात.

ब्रुसेल्सला तो प्रसिद्ध शू करणारा पोरगा बघून ते खरे दुखावतात. दोन फूटही उंची नाही! वर कळतं की मूळ पुतळा संग्रहालयात आहे, चौकात आहे ती प्रतिकृती. "एवढंसं, तेही डुप्लिकेट?" काकू फोटोसाठी हाक मारतात, "अहो, इकडे बघा तरी," पण काका माहितीची पाटी वाचत उभे.

जर्मनीच्या हायवेवर स्वच्छतागृहाला एक युरो पडतो आणि तेवढ्याच किमतीचं कूपन मिळतं. मंडळी ते फेकतात. काका दाराशी उभे राहून गोळा करतात.

पण काकांना सगळ्यात आवडलेली गोष्ट आयफेल टॉवर नव्हे, ड्रायव्हर. पहिल्या सीटचं रोटेशन ठरलेलं असतं, तरी काका जागा सोडत नाहीत. कारण समोर टॅकोग्राफ, म्हणजे गाडी चालवल्याचे तास नोंदवणारं यंत्र, दिसतो. साडेचार तास बस चालवली की पंचेचाळीस मिनिटं सक्तीची विश्रांती. हवी तर दोन तुकड्यांत, पण एकेक तुकडा निदान पंधरा मिनिटांचा. दिवसाला साधारण नऊ तासच गाडी. हे कळल्यापासून काका युनियनचे पुढारी झाले आहेत. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नाही, तरी ड्रायव्हर त्यांना कॉफी पाजतो.

प्रागच्या वाटेवर सगळे बसमध्ये चढून बसलेत, ड्रायव्हरही स्टिअरिंगवर, जेवणाला उशीर होतोय. काका तेवढे खाली, दारात, घड्याळावर बोट ठेवून.

"काका, चला ना!"

"एक मिनिट बाकी आहे. त्याला बसू दे निवांत."