प्रेमळ ख्रिस्ती माणसाने तोंड केव्हा उघडावे

सदर मार्गदर्शन मराठी ख्रिस्ती माणसासाठी आहे. तो नगरचा असो, जालन्याचा असो की वसईचा, त्याची प्रकृती साधारण एकच. उपासनेत तो गीताची सगळी कडवी मोकळ्या गळ्याने गातो, आणि बाहेर पडल्यावर कोणी कोणाचा अपमान केला की त्याचा घसा बसतो. ‘आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?’ हे वचन पवित्र शास्त्रात कुठेही नाही. तरी अख्ख्या मंडळीला ते पाठ आहे.

आरंभ सोप्या धड्याने करावा, म्हणजे बाहेरच्या जगापासून. ऑफिसात कोणीतरी विचारतंच, “अय्या, तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी इतकं छान कसं?” नवशिके इथे १६१६ सालच्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून सुरुवात करतात, पंडिता रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराकडे वळतात, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते इथवर पोचेतो समोरच्या बाई लिफ्टमधून आपल्या मजल्यावर उतरून गेलेल्या असतात. योग्य उत्तर : “आईचं ऐकून ऐकून.” दुसरा प्रश्न, “धर्म बदलायचे किती मिळाले?” रागावू नये. दर रविवारी फिरणारी अर्पणाची थैली, दशमांश, कापणीच्या सणाचा लिलाव आणि छताच्या दुरुस्तीची वर्गणी यांचा हिशेब शांतपणे मांडून दाखवावा. विचारणाराच आपल्याला चहा पाजतो.

बाहेरचा धडा संपला. तो सोपा एवढ्यासाठी, की तिथे अपमान आपला असतो आणि स्वतःची बाजू घ्यायला प्रेमळ असावं लागत नाही. खरा पेपर असतो रविवारी, उपासना सुटल्यावर, चर्चच्या आवारात. तिथे सगळे एकमेकांना सलाम करतात, सगळे बंधू-भगिनी असतात, आणि नेमकं तिथेच एखादे बंधू नव्या कुटुंबाला गोड आवाजात विचारतात, “मूळचे कुठले म्हणायचे तुम्ही?”

हा प्रश्न भूगोलाचा नाही. त्याला “श्रीरामपूर” हे उत्तर चालत नाही. विचारणाऱ्याला तालुका नको असतो. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते गावाच्या कोणत्या बाजूला राहत होते, हे हवं असतं. घरात मुलीचं लग्न निघालं असेल तर चौकशी आणखी प्रेमळ होते. अशा वेळी आपण मध्ये पडावं आणि नव्या पाहुण्यांच्या वतीने सांगावं, “मूळचे एदेन बागेतले. आदामाचं घराणं, आजोळ हव्वेकडचं.” बंधू हसतील. त्यांना हसू द्यावं, पण विषय बदलू देऊ नये. काही चिवट बंधू “हो हो, ते झालंच, पण त्यानंतरचे?” असंही विचारतात. त्यांना नोहाच्या तारवाचा पत्ता द्यावा. प्रलयातून एकच कुटुंब वाचलं असल्यामुळे त्यापुढे स्थळ पाहायला फारसा वाव उरत नाही.

इथे थोडी कायद्याची माहिती असलेली बरी. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्याला आधार दिला जातो तो हा, की ख्रिस्ती धर्मात जात नाही. आपल्या धर्माबद्दल सरकारपक्षाला इतका विश्वास आहे. सोयरीक जुळवणाऱ्या आपल्या मावश्यांना मात्र तो वाटत नाही. या दर्जासाठी आपण मोर्चात जावं, निवेदनावर सही करावी, ते योग्यच. पण मोर्चाहून परतताना, बसमध्ये, ‘आपल्यातलंच स्थळ’ म्हणजे नेमकं काय, हे शेजारच्या काकांना विचारण्याचं धैर्य ज्याला होतं, तो या मार्गदर्शनाचा पुढचा भाग वाचायला पात्र.

पुढचा भाग म्हणजे भाचा. प्रत्येक मोठ्या कुटुंबात एक भाचा असतो, जो पुण्यात किंवा बंगलोरला नोकरी करतो, चाळिशीकडे झुकला तरी लग्न करत नाही आणि ज्याचा ‘रूममेट’ दर नाताळला त्याच्याबरोबर करंज्या खायला येतो. सगळ्यांना सगळं माहीत असतं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून दोन प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले, हेही माहीत असतं. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने व्हॅटिकनने धर्मगुरूंना, लग्नविधीचा भास होणार नाही अशा रीतीने, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा दिली, ही बातमीसुद्धा घरात येऊन गेलेली असते. त्यावर घरातले प्रॉटेस्टंट म्हणाले होते, “पोप आपला कोण?” आणि कॅथलिक व्याही म्हणाले होते, “वर्तमानपत्रवाले काहीही छापतात.” ख्रिस्ती ऐक्याचा असा क्षण एरवी दुर्मिळ.

तर नाताळच्या जेवणाला काका, समलिंगी संबंधांना मनाई करणारं, लेवीयाचं पुस्तक उघडतात. भाचा मान खाली घालून जेवत असतो. उतावळा पुरोगामी या क्षणी काकांच्या ताटातल्या कोळंबीकडे बोट दाखवतो, कारण पर आणि खवले नसलेलं पाण्यातलं काहीही खायला त्याच पुस्तकात मनाई आहे. हा डाव जुना झाला. काका तयारीचे असतात. ते कोळंबीचं डोकं चोखत सांगतात, “ते नियम प्रेषितांच्या कृत्यांत उठले. पेत्राला दृष्टांत झाला ना, चादरीत सगळे प्राणी उतरले तो!”

आता घाई करू नये. काकांनी आपलं काम स्वतःच करून दिलं आहे. नम्रपणे म्हणावं, “काका, पुढचं वाचा ना.” पुढे काय होतं, हे काकांना संडे स्कूलपासून माहीत आहे. पेत्र भुकेला होता, दुपारची वेळ होती, आणि तो होता यापो गावात, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घराच्या गच्चीवर. म्हणजे ज्या घरी पाणी प्यायचं की नाही याचा पूर्वी आपल्याकडे खल झाला असता, तिथे त्याचा मुक्काम होता. दृष्टांत संपतो न संपतो तोच दारात परक्या रोमी शताधिपतीची, कर्नेल्याची, माणसं उभी. पेत्र त्याच्या घरी जातो आणि दृष्टांताचा अर्थ तिथे स्वतःच सांगतो : तो माणसांविषयी होता, कोणालाही अशुद्ध म्हणायचं नाही. कोळंबी मोकळी झाली ती ओघात. काकांनी त्या अध्यायातली कोळंबी तेवढी उचलली आणि कर्नेल्याला दाराबाहेर ठेवलं, एवढंच आपण म्हणावं आणि भाच्याच्या मित्राला भात वाढावा. भात वाढण्याचं काम महत्त्वाचं. त्याशिवाय नुसतं म्हणणं हे प्रवचन ठरतं, आणि ती या घरात आधीच पुष्कळ झाली आहेत.

हिंदू सुनेचं प्रकरण त्या मानाने लहान आहे. प्रभुभोजनाच्या वेळी ती बाकावर एकटी बसते आणि पुढून-मागून कुजबुज होते, “अजून घेतला नाही वाटतं बाप्तिस्मा?” कुजबुजणाऱ्या भगिनीला टिळकांची आठवण करून द्यावी. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं हिंदूच राहिल्या, आणि त्या वर्षांविषयी ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी जे लिहिलं ते आपण अभिमानाने मराठीचं लेणं म्हणून मिरवतो. टिळकांनी तर आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणारे सगळेच त्यात एकत्र. १९१९ साली ते गेले. त्यांची गीतं आपण ‘उपासना संगीता’त ठेवून घेतली, दरबाराचं पुढे काय झालं, हा विषय मात्र कोणत्याच मंडळीच्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही. भगिनी याउपरही कुजबुजत राहिल्या तर आपण उठून सुनेशेजारी बसावं. गीतपुस्तक एकच असल्याचं निमित्त पुरतं.

काही पथ्यं. “प्रेमाने सांगतो” या शब्दांनी सुरू होणारं वाक्य बोलू नये. आजवर त्या शब्दांमागून प्रेम आल्याचं कोणी पाहिलेलं नाही. प्रार्थनेतून टोमणा मारू नये. “हे प्रभू, आमच्यातल्या त्या बंधूला, ज्याचं नाव मी घेत नाही, सद्बुद्धी दे,” ही प्रार्थना प्रभूच्या आधी पाचव्या बाकापर्यंत पोचते. व्हॉट्सॲपवर रात्री दहानंतर धर्मचर्चा करू नये. आणि जक्कयाची गोष्ट विसरू नये. तो जकातदारांचा मुख्य, गावाने ओवाळून टाकलेला, उंबरावर चढून बसला होता. येशूने खाली उभं राहून त्याला वरच्या वर चार गोष्टी सुनावल्या नाहीत. त्याच्याच घरी मुक्कामाला येतो म्हणून कळवलं. गाव चिडलं ते त्यावर.

आपल्यावरही चिडेल. पहिल्या महिन्यात पाळकसाहेब “तुमच्या भावना समजतात” असं म्हणतील. दुसऱ्या महिन्यात नाताळ कार्यक्रम समितीतून आपलं नाव कमी होईल आणि फाटकावर पार्किंग बघण्याची सेवा मिळेल. ती आनंदाने स्वीकारावी. कोण नवं आलंय ते फाटकावर सगळ्यांत आधी कळतं, आणि पंचांची नजर पडायच्या आत त्याला पुढून दुसऱ्या बाकावर नेऊन बसवता येतं.