लग्नात चूक, घटस्फोटात अचूक

इंग्रजी क्रियापद एकटं असतं तोवर गरीब असतं. ‘लुक’ म्हणजे पाहणे, विषय संपला. पण त्याच्यामागे ‘अ‍ॅट’, ‘फॉर’, ‘आफ्टर’, ‘इंटू’ ही चिल्लीपिल्ली लागली, की ते पाहतं, शोधतं, सांभाळतं आणि वर चौकशीही करतं. आपल्या शब्दयोगी अव्ययांनी निदान नामाच्या शेपटीला चिकटून बसायची शिस्त तरी पाळली आहे.

प्रिपोझिशनच्या आपल्या चुका काही वेड्यावाकड्या नसतात. त्या शुद्ध मराठी असतात. आपला राग माणसावर निघतो, म्हणून साहेब ‘अँग्री ऑन मी’ होतात. इंग्रजाचा राग ‘विथ’, म्हणजे चक्क सोबतीला! आपलं लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून आपण ‘मॅरीड विथ’ म्हणून मोकळे होतो. तिथे हवा ‘टू’. घटस्फोट मात्र आपण नवऱ्यापासून घेतो आणि इंग्रजीतही ‘फ्रॉम’च लागतो. लग्नात हमखास चुकणारा मराठी माणूस घटस्फोटात न शिकवता अचूक!

सगळ्यांत चिवट ‘डिस्कस अबाउट’. चर्चा कशाबद्दल तरी करायची, ही आपली सवय. ‘डिस्कशन’ला ‘अबाउट’ चालतो, ‘डिस्कस’ला खपत नाही. ‘रिक्वेस्ट’चीही तीच तऱ्हा. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ बरोबर, पण ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ चूक. रजेच्या अर्जांत ते सर्रास दिसतं आणि रजा तरीही मंजूर होते, हा भाग वेगळा.

बरं, खुद्द इंग्रजांच्या घरात तरी एकमत आहे का? ब्रिटिश माणूस ‘राइट टू मी’ म्हणतो, अमेरिकन नुसतं ‘राइट मी’वर भागवतो. शनिवार-रविवार एकाला ‘अ‍ॅट द वीकेंड’ असतो, दुसऱ्याला ‘ऑन द वीकेंड’.

आणि मराठी शिकायला आलेल्या परक्याचे हाल आठवा. आईला सांगायचं, आईशी बोलायचं, आईवर चिडायचं, आईकडे मागायचं आणि शेवटी आईचंच ऐकायचं. आई एक, तऱ्हा पाच. का, ते ‘स-ला-ते’ घोकलेल्या आपल्यालाही सांगता येणार नाही.

तेव्हा अर्जात, मुलाखतीत ‘डिस्कस’पुढचा ‘अबाउट’ जरूर गाळा. पण घरात कुणी ‘आय अ‍ॅम अँग्री ऑन यू’ म्हणालं, तर आधी तो राग घालवा. व्याकरणाचं मग बघू.