सर्टिफाइड काका

कामोठ्यात कुणाच्या मनात जुनी गाडी घ्यायचं आलं, की तो कर्जासाठी बँकेत जाण्याआधी काकांच्या दारात जातो. असे काका इथल्या प्रत्येक सेक्टरमध्ये एखादे तरी निघतातच. आमच्या सोसायटीतल्या काकांना पोरं ‘सर्टिफाइड काका’ म्हणतात. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले. निवृत्तीनंतर स्वतःचे लिहितात.

काकांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे : गाडीचा पहिला घसारा दुसऱ्यानं सोसावा. कुणाकडे कोरी गाडी आली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, की काका पेढा तोंडात टाकतात आणि तिथंच विम्याचा तक्ता म्हणायला लागतात. “सहा महिन्यांत पाच टक्के गेले. वर्षात पंधरा. दोन वर्षांत वीस, मग तीस, मग चाळीस, पाचव्या वर्षी पन्नास. छान आहे हो रंग!” पेढा काका खातात, घास मालकाच्या घशात अडकतो.

म्हणून काका कंपनीनं तपासून, वॉरंटीसकट विकलेलीच गाडी घ्या म्हणतात. मारुतीनं ‘ट्रू व्हॅल्यू’ काढली ती २००१ साली. गंमत म्हणजे त्याच वर्षी जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाला नोबेल मिळालं, आणि त्यांचा गाजलेला १९७०चा लेख जुन्या गाड्यांच्या बाजारावरच होता. गाडीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांचा भाव पाडून मागतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारात फिरकतच नाही. वॉरंटी लागते ती यासाठी. हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, “एवढ्यावर नोबेल? आमच्या पनवेलच्या कुठल्याही एजंटाला विचारायचं होतं.”

आता सर्टिफिकेटवर त्यांचा विश्वास आहे म्हणावं, तर तसंही नाही. विकणारा पोरगा तोंडपाठ सांगतो, “सर, ३७६ पॉइंट चेक झालेत.” काका म्हणतात, “झाले ना? मग ३७७वा मी करतो.” आणि सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढतात. गाडी पुरात बुडालेली असेल तर मालक कार्पेट बदलतो, सीट धुतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्यातली चिखलाची रेघ विसरतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर ही विद्या बऱ्याच जणांनी शिकून घेतली. काकांनी ती जपली. मग ते टायरशी उकिडवे बसतात आणि चार आकडे वाचतात : २३१८, म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतो आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, हे त्यांना दारातूनच दिसतं. एमएच-०८ पाहिलं की ते खाली वाकून गंज शोधतात, कारण रत्नागिरीची खारी हवा. एमएच-४६ असेल तर आणखी खाली वाकतात, कारण आपले पनवेलचे रस्ते.

एवढं झाल्यावर घेणाऱ्याची शिकवणी. वॉरंटीत इंजिन, गिअरबॉक्स. क्लचप्लेट, ब्रेकपॅड, टायर, बॅटरी आपल्या बोकांडी. विमा नावावर करायला चौदा दिवस. आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाबरोबर निघून जातो.

त्यांचा सुवर्णक्षण आला डिसेंबर २०२४मध्ये. जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी कौन्सिलनं जुन्या गाड्यांवर सरसकट १८ टक्के ठरवले आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रडारड सुरू झाली : मेव्हण्याला गाडी दिली तरी सरकार १८ टक्के घेणार! काकांनी रात्री साडेअकराला फळ्यावर लिहावं तसा मेसेज टाकला. कर फक्त नोंदणीकृत व्यापाऱ्याला, तोही त्याच्या नफ्यावर, तोटा झाला तर शून्य, मेव्हणा सुरक्षित. अंगठ्यांचा पाऊस पडला.

काकांची स्वतःची गाडीही अशीच, तीन वर्षं वापरलेली, ५,२०,०००ला घेतलेली. ती कशी आहे हे मात्र फार थोड्यांनी पाहिलंय, कारण ती कायम कव्हरखाली असते. काकू म्हणतात, “अहो, खांदेश्वर स्टेशनपर्यंत सोडता का?” काका दचकतात. “एवढ्याशा अंतरात इंजिन तापत नाही, बॅटरी चार्ज होत नाही. रिक्षानं जा.” यातलं तांत्रिक सगळं खरं आहे, म्हणून काकूंना उत्तर सुचत नाही.

उत्तर दिलं भाच्यानं. त्यानं काकांची वही उघडली. चार वर्षांत घसारा १,८०,०००. विमा ३६,०००, सर्व्हिसिंग २४,०००, सोसायटीचं पार्किंग २४,०००, टायर १८,०००, बॅटरी ५,५००. बेरीज २,८७,५००. गाडी फिरली ११,५०० किलोमीटर. “मामा, किलोमीटरला पंचवीस रुपये. पेट्रोल धरलं तर बत्तीस. रिक्षाचं मीटर १७ रुपये १४ पैसे आहे.” (मीटर टाकणारी रिक्षा मिळाली तर, हे मी मनात म्हटलं.)

खरं तर जुन्या गाडीच्या हिशेबात लोक इथंच फसतात. विमा कॅलेंडरवर चालतो, सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, आधी येईल ते. रबर आणि बॅटरी जागच्या जागी म्हातारी होतात. गाडी उभ्याउभ्या खाते. रोज तुर्भे किंवा ठाण्याला जाणाऱ्यानं काकांची गाडी घेतली असती तर सौदा सोन्याचा होता.

“मग फिरवा की मामा! जितकी फिरेल तितका किलोमीटरचा खर्च उतरेल.”

“आणि रीसेल? मीटर वाढल्यावर भाव कोण देणार?”

त्या संध्याकाळी काकू रिक्षानं खांदेश्वरला जाऊन आल्या. काकांनी वही काढली, चष्मा पुसला आणि ते १२० रुपये गाडीच्या खात्यात देखभालीखाली लिहिले. “गाडी वाचवायलाच झालेला खर्च ना तो,” म्हणाले.