पूर्ण भविष्यकाळाच्या अलीकडे

रोह्यात इंग्रजी बोलायची वेळ फारशी येत नाही. आलीच, तर मी घरात नसतो. पण सी. डी. देशमुखांचं बालपण आमच्या रोह्यात गेलं आणि १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच गावात राहून आपण 'येस-नो'च्या पुढे सरकू नये, हे मनाला लागलं. शिकवणी लावली. साधा भविष्यकाळ झाला, मग आला चालू भविष्यकाळ. 'विल बी' म्हणायचं आणि क्रियापदाला 'आयएनजी' लावायचं. उद्या या वेळी मी जेवत असेन, आय विल बी ईटिंग. हा काळ मला फार मानवला. यात काम चालू ठेवायचं असतं, संपवायची सक्ती नाही. पूर्ण भविष्यकाळ सुरू होणार त्याच आठवड्यात भाताची लावणी आली आणि शिकवणी सुटली.

पुढच्या उन्हाळ्यात पेणजवळ हमरापूरला मेव्हण्याच्या गणपतीच्या कारखान्यात बसलो होतो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती सणाच्या कितीतरी आधी बोटीला लागतात, म्हणून घाई होती. एक पोरगा श्वास रोखून डोळ्यांची आखणी करत होता. तेवढ्यात लंडनहून फोन आला. पलीकडचा मुलगा मराठी घरातला, पण त्याचं मराठी आरतीपुरतं. मेव्हण्यानं फोन माझ्या हातात कोंबला, "भावोजी, तुम्ही शिकलाय ना!"

"व्हेन विल इट बी रेडी?"

"वी विल बी पेंटिंग."

"अँड देन?"

"वी विल बी पॅकिंग."

"बट व्हेन विल यू फिनिश?"

"वी विल बी फिनिशिंग!"

जरा वेळ पलीकडे काहीच नाही. मग त्यानं चाचरत विचारलं, "डू यू नो द डेट?"

"आय विल बी नोइंग," मी ठणकावलं. 'नो'सारख्या क्रियापदांना 'आयएनजी' चालत नाही, हे सरांनी सांगितलं तेव्हा मला डुलकी लागली होती.

पोरगा फिसकन हसला आणि गणपतीची एक भुवई वर चढली. मेव्हण्यानं फोन हिसकावला, "टेन मे. बोट. फुल तयार!" पलीकडून "थँक यू" आलं. व्याकरण शून्य, गिऱ्हाईक खूश.

संध्याकाळी वडखळ-नागोठण्याकडून धक्के खात परतलो. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. मुदतींवर मुदती आल्या नि गेल्या, काम आपलं चालूच. तिकडेही पूर्ण भविष्यकाळाच्या वेळी लावणी आडवी आली असावी.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांना हात जोडून विनंती: चालू भविष्यकाळ कितीही गोड वाटला, तरी पूर्ण भविष्यकाळ पदरात पडेपर्यंत शिकवणी सोडू नका. फी तेवढीच पडते.