माणशी तेवीस किलो

देवणीच्या आमच्या शेजाऱ्यांनी फेब्रुवारीत सहकुटुंब जपानला, होक्काइदो बेटावरच्या निसेकोला, स्कीइंगला जायचं ठरवलंय, ही अख्ख्या तालुक्याला भूषणावह गोष्ट आहे. सैबेरियाचा कोरडा वारा समुद्रावरून वाफ उचलतो आणि तिथल्या डोंगरांवर पिठासारखा हलका बर्फ ओततो. हंगामात चौदा-पंधरा मीटर! वारा आमच्याकडंही येतो. तो फक्त उचलतो.

तयारी शास्त्रशुद्ध चालू आहे. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री अंथरून पोरं रोज संध्याकाळी घसरतात. खाली दावणीला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा देवणी वळू बांधलेला असतो. तो रवंथ थांबवून बघतो. परीक्षक तोच. व्हिसासाठी सातबारा काढलाय, त्यावर विहिरीची नोंद आहे. (पाण्याच्या नोंदीला रकानाच नाही.)

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. तो अनुभव गाठीशी असल्यानं मी सुचवलं, की विमानात माणशी २३ किलो सामान चालतं, तर येताना बर्फच भरावा. वितळला की २३ लिटर, मोजून. शेजारच्या दादांनी लगेच वहीत टिपून घेतलं. आजीनं एवढंच विचारलं, "घसरून पडल्यावर हातपाय धुवायला देतात का रे तिथं?"

आता सगळं पक्कं आहे. निघायची तारीख तेवढी दोन दिवस पुढं ढकललीय. त्या दिवशी गल्लीत टँकर यायचाय, आणि हंड्यांपाशी घरचं कुणीतरी लागतं.