चष्मा कसा पुसू नये

सदर मार्गदर्शिका नरसी नामदेव व पंचक्रोशीतील तमाम चष्माधारकांच्या हितार्थ तयार केलेली असून ती कोणाही विशिष्ट व्यक्तीला उद्देशून नाही. तिच्यात धोतराचा सोगा, चुन्याची डबी किंवा ट्रॅक्टरचं बॉनेट यांचा उल्लेख आल्यास तो निव्वळ योगायोग समजावा. अण्णा, तुम्हीही वाचायला हरकत नाही. फक्त वाचण्याआधी चष्मा जरा माझ्याकडे द्या.

शास्त्राला पूर्वपीठिका लागते, म्हणून थोडा इतिहास. चष्मा इटलीत १२८६ च्या सुमारास निघाला असं मानतात. १३०६ मध्ये तिथल्या एका धर्मगुरूनं प्रवचनात सांगितलं होतं, की ही कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. आपले नामदेव महाराज १२७० चे. म्हणजे आपल्या गावचं पोर सोळा-सतरा वर्षांचं असेल-नसेल, तेव्हा तिकडं कुणीतरी नाकावर दोन भिंगं चढवत होतं. महाराज १३५० मध्ये समाधिस्थ झाले आणि १३५२ मध्ये तिकडच्या त्रेविझो गावात भिंतीवर एका कार्डिनलचं चष्मा घातलेलं चित्र निघालं. चष्म्याचं सापडलेलं सगळ्यात जुनं चित्र ते हेच. गंमत अशी, की ते कार्डिनल १२६३ मध्येच वारले होते. चष्मा निघायच्या आधीच गेलेल्या माणसाला चित्रकारानं तो घालून टाकला! पण भिंतीवरच्या त्या चष्म्याला निदान कुणी धोतरानं पुसलं नाही.

नियम पहिला. कोरडा चष्मा पुसू नये.

एवढा एक नियम पाळला तर बाकीचे वाचायची गरज नाही, आणि नेमका हाच कुणी पाळत नाही. आपण म्हणतो ‘चष्म्याची काच’, पण आताशा ती बहुतेक वेळा काच नसतेच, प्लॅस्टिक असतं. आणि आपल्या अंगणातली धूळ म्हणजे बारीक वाळू. वाळूतला गारेचा कण पोलादी चाकूवर ओरखडा पाडू शकतो, तिथं प्लॅस्टिकची काय कथा! कोरड्या भिंगावर कापड फिरवलं, की आपण धूळ पुसत नसतो, धुळीनं भिंग घासत असतो. ओरखडा एकदा पडला की पडला. तो जायचा नाही, टूथपेस्टनं तर नाहीच नाही. टूथपेस्ट मुळातच घासणारी; ती एक ओरखडा घालवायला दहा नवे आणते.

यावर काही ज्येष्ठ मंडळी ‘हाऽऽ’ करतात. तोंडाची वाफ सोडायची आणि घासायचं. त्या वाफेनं भिंग दमट होतं, पण त्यावरचा कण वाहून जाण्याइतकं पाणी त्यात नसतं. थुंकीबद्दल मी लिहिणार नाही. घरात लहान मुलं आहेत.

नियम दुसरा. आधी पाणी, मग साबण, पुन्हा पाणी, शेवटी कापड.

पाणी साधं घ्यावं. गरम नको. नळाखाली भिंग धरून आधी सगळी धूळ वाहू द्यावी. मग भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटावर घेऊन दोन्ही बाजूंनी हळुवार फिरवावा. अंगाला लावायचा मलईवाला साबण नको, तो स्वतःचाच पातळ थर ठेवून जातो. चुलीतली राख तर नकोच, ती पितळेच्या तांब्याला ठेवा. आपल्याकडं बोअरचं पाणी जड. ते भिंगावर वाळलं की पांढरे ठिपके उठतात. म्हणून शेवटचं खळखळणं जारच्या पाण्यानं करावं. एक पेलाभर पुरतं. यावर ‘प्यायच्या पाण्यानं चष्मा धुवायलीस का?’ असा प्रश्न येतो. हो, धुवायले. सकाळी पेपर उघडून ‘हल्ली पेपरवाले शाईच कमी घालायलेत’ असं अर्धा तास ऐकण्यापेक्षा पेलाभर पाणी स्वस्त पडतं.

(धुतल्यावरही धुरकटच दिसत असेल, तर दोष पेपरवाल्यांचा नाही आणि चष्म्याचाही नाही. हिंगोलीला जाऊन डोळे दाखवावेत. मोतीबिंदू साबणानं निघत नाही.)

नियम तिसरा. काडी आणि नाकाचे पॅड विसरू नयेत. खोबरेल तेल कानावरून काडीवर आणि काडीवरून बोटांनी भिंगावर येतं. पॅडच्या खाचेत जे हिरवट काही साचतं, त्याचं वर्णन जेवणानंतर वाचणाऱ्यांसाठी टाळलं आहे. जुना मऊ टूथब्रश वापरावा. तो भिंगाला लावू नये.

नियम चौथा, हंगामी.

चष्मा कशानं घाण होतो याची यादी शहरातल्या दुकानदारानं दिली तर ती दोन ओळींत संपते. आपल्याकडं ती पंचांगाप्रमाणं चालते. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी निघते. यंत्रातून उडणारा भुसा डोळ्यात जातो, कानात जातो आणि भिंगावर असा बसतो, की समोर उभा माणूस मुलगा आहे की जावई, हे आवाजावरून ओळखावं लागतं. त्या दिवसांत खळ्यावर चष्म्याला हातच लावू नये. घरी येऊन थेट नळाखाली धरावा.

उन्हाळा तोंडावर आला की हळद. शिजवलेली हळद वाळली आणि ढोलात पडली, की पिवळा धुरळा सगळ्या वाड्यावर बसतो. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात मात्र झकास विरघळतो. म्हणजे काडीवरचं खोबरेल आणि ढोलावरची हळद यांचं जे काही जमतं, ते नुसत्या पाण्याला जुमानत नाही. साबण लागतोच. पुसायच्या कापडावर साबण लावला आणि डाग एकदम तांबडा झाला तर घाबरू नये. हळद खाराला लागली की तांबडी होते, चुना घालून तिचं कुंकू करतात ते याच गुणावर. मग ते कापड उन्हात टाकावं. ऊन हळदीचा रंग खातं. चष्मा मात्र उन्हात टाकू नये. पॅड पिवळे पडले ते पडलेच, नवे स्वस्तात मिळतात.

आषाढीनंतरची परतवारी हे तिसरं पर्व. गावात पाय ठेवायला जागा नसते. दर्शन होतं, कपाळाला बुक्का लागतो, माणूस भक्तिभावानं मान खाली घालतो आणि अर्धा बुक्का भिंगावर उतरतो. त्यात घाम. असा चष्मा पुसला की सगळी दुनिया अमावास्येची होते. अण्णांचं यावर म्हणणं असं, की बुक्का धुवायचा नसतो, प्रसाद आहे. बरं. मग कपाळावरचा ठेवा. देवानं भिंगावर लावलेला नाही, तो घसरून आलाय.

नियम पाचवा. कापडाविषयी.

नामदेव महाराज शिंप्याच्या घरचे. कापडाचा विचार या गावानं नाही करायचा तर कुणी करायचा? कापड मऊ हवं, धुतलेलं हवं आणि ते फक्त चष्म्याचं हवं. दुकानदार चष्म्याबरोबर जे चौकोनी बारीक धाग्याचं कापड देतो, ते उत्तम. ते अधूनमधून साध्या साबणानं धुवावं. कपडे मऊ करायचं सुगंधी औषध त्याला घालू नये, त्याचा थर भिंगावर येतो. हे कापड देवघरात समईखाली, मोबाइलखाली किंवा तपकिरीच्या डबीभोवती गुंडाळलेलं सापडल्यास ते सेवानिवृत्त समजावं.

धोतराचा सोगा: नाही. उपरण्याचं टोक: नाही. आईंच्या पदराचं टोक: आईंना विचारून नाही, न विचारता तर मुळीच नाही. नातीचा फ्रॉक: अण्णा!

नियम सहावा. चष्मा ठेवण्याच्या जागा. घर असेल तर घरात, म्हणजे डबीत. सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी, किल्ल्या आणि सोसायटीची पावती असते. तिथं चौथ्या पाहुण्याला जागा नाही. टेबलावर ठेवायचा तर भिंगं आभाळाकडं. आणि एप्रिल-मे महिन्यात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवू नये. आताच्या भिंगांवर चकाकी मारणारे पातळ थर दिलेले असतात, तिरपं धरलं की हिरवट झाक दिसते ती त्यांचीच. उष्णतेनं खालचं प्लॅस्टिक जास्त फुगतं, वरचा थर तितका फुगत नाही, आणि त्याला बारीक तडे जातात. मग ते कितीही पुसा. ‘दुकानदारानं फसवलं’ असं म्हणून उपयोग नाही.

नियम सातवा आणि सगळ्यात अवघड. चष्मा स्वच्छ असताना पुसू नये.

इथं मला शास्त्र जरा बाजूला ठेवावं लागतं. बरेच दिवस मी रोज सकाळी चष्मा धुऊन, टिपून, चकचकीत करून अण्णांच्या हातात देत होते. दुपारपर्यंत त्यावर सोग्याचे फराटे. मग लक्ष ठेवलं. ‘अण्णा, हळद आता काढायची का भाव चढेपर्यंत ठेवायची?’ असं विचारलं, की चष्मा नाकावरून उतरतो. ‘अण्णा, त्या सोयरिकीचं काय कळवायचं?’ सोगा बाहेर येतो. डावं भिंग, उजवं भिंग, उजेडाकडं धरून बघणं, पुन्हा डावं. तेवढ्यात विचारणारा कंटाळतो, किंवा चहा येतो, किंवा अण्णांना खरंच उत्तर सुचतं. यातलं शेवटचं होत नसतं तर मी हा प्रकार कधीच बंद पाडला असता. पण हळद कधी विकावी याचं त्यांचं उत्तर सहसा चुकत नाही, आणि ते चष्मा नाकावर असताना कधी आलेलं मला आठवत नाही.

म्हणून अण्णांपुरता हा नियम शिथिल केला आहे. त्यांचा जुना, पार घासलेला, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा कपाटात पडून होता. तो आता त्यांच्या खिशात असतो, चुन्याच्या डबीशेजारी. बघायचा चष्मा नाकावर, पुसायचा चष्मा खिशात. परवा ह्यांनी ट्रॅक्टरच्या हप्त्याचा विषय काढला. अण्णांनी नाकावरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला, खिशातला बाहेर काढला आणि सोगा धरला. हप्त्याचं पुढच्या महिन्यात बघू म्हणाले.